मासळीची डिजिटल नोंद पुन्हा पुन्हा का अडकते? गोव्यात मालिमपासून कुटबणपर्यंत धक्क्यावर तपासायच्या गोष्टी

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. पहाटे ट्रॉलर धक्क्याला लागला, माल उतरला, बोली झाली, बांगडा निर्यातदार कंपनीच्या गाडीत चढला. ॲपमध्ये नोंद भरली, हिरवी खूणही दिसली. मग दोन-तीन आठवड्यांनी निर्यातदाराच्या ऑफिसातून फोन येतो: या फेरीची नोंद जुळत नाही, कॅच सर्टिफिकेट (मासळी कायदेशीर पकडल्याचा दाखला) अडकलंय, हिशेब नंतर बघू. मालक म्हणतो ॲप भिकार आहे. तांडेल (बोटीचा कप्तान) म्हणतो रेंज नव्हती. नोंद भरणारा पोरगा म्हणतो, मला सांगितलं ते मी भरलं. तिघंही खरंच बोलत असतात आणि पुढच्या फेरीला पुन्हा तेच होतं.

मी धक्क्यावर काही ट्रॉलर आणि पर्सिन (थव्याभोवती गोल जाळं टाकणाऱ्या) बोटींच्या नोंदी सांभाळते. कोणी राज्याच्या पोर्टलवर भरतं, कोणी सोसायटीच्या एक्सेलमध्ये, कोणी कंपनीने दिलेल्या ॲपवर. ॲप कुठलंही असो, अडकायच्या जागा त्याच आहेत आणि त्यातल्या बहुतेक तांडेलाची वही ते फोनचा पडदा एवढ्या अंतरातल्या आहेत. कोणत्या नोंदी परत येतात आणि कोणत्या सुरळीत जातात हे शेजारी शेजारी ठेवून बघितलं, तर चूक कुठली हे फोन उघडायच्या आधीच कळतं. निम्मं काम तिथेच होतं. दुर्दैवाने ते कोणी करत नाही. एकेक नोंद सुटी घेऊन तिच्याशी झटापट चालते.

पूर्वी हे एवढं अडायचं नाही, असं जुने मालक म्हणतात आणि ते बरोबर आहे. युरोपात जाणाऱ्या दर्यातल्या मासळीला कॅच सर्टिफिकेट लागतं हा नियम (क्रमांक १००५/२००८) १ जानेवारी २०१० पासून चालू आहे, आणि आपल्याकडे ते एमपीडा (सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण) देते. बदल झाला तो वाचणाऱ्यात. इतकी वर्षं कागद माणूस वाचायचा. नंबरात एखादी रेघ कमी असली तरी समजून घ्यायचा. १० जानेवारी २०२६ पासून युरोपातल्या आयातदाराला हीच माहिती त्यांच्या ‘कॅच’ नावाच्या संगणक प्रणालीत भरावी लागते, आणि संगणक समजून घेत नाही. आपल्याकडेही नोव्हेंबर २०२५ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रातल्या (१२ सागरी मैलांच्या पलीकडच्या दर्यातल्या) मासेमारीचे नवे नियम आले. यांत्रिक बोटींना तिथे जायला ॲक्सेस पास, तो बोटींची नोंदणी आणि परवाने असलेल्या रिअलक्राफ्ट पोर्टलवरून, आणि तेच पोर्टल एमपीडा व निर्यात तपासणी परिषदेच्या सर्टिफिकेटांशी जोडायचं काम हाती घेतलंय. म्हणजे बोटीची नोंदणी, परवाना, फेरी आणि सर्टिफिकेट एकमेकांना ताडून बघितली जाणार. मेळ नसेल तर तो दिसणारच.

नोंद गेलीच नाही, की गेली आणि परत आली?

हे आधी ठरवा. ‘पेंडिंग’ आणि ‘रिजेक्ट’ यांना धक्क्यावर सर्रास एकच समजतात.

पेंडिंग म्हणजे नोंद अजून फोनमध्येच पडून आहे. हा फोनचा प्रश्न, आणि तो सोपा आहे. बॅटरी वाचवायची सेटिंग मागे चाललेलं ॲप बंद करून टाकते. या एका ॲपपुरती ती काढा. धक्क्यावर आल्यावर ॲप उघडून पडदा चालू ठेवा, खूण बदलेपर्यंत खिशात टाकू नका. एकाच लॉगिनने दोन फोन चालवू नका, कारण काही ॲपमध्ये नंतर जोडलेला फोन आधीच्याची नोंद पुसून टाकतो. आणि कोणीही, अगदी कंपनीच्या माणसानेही, ‘ॲप काढून परत टाक’ असं सांगितलं तर आधी पेंडिंग नोंदींचे फोटो काढा. ॲप काढलं की न गेलेल्या नोंदी फोनमधून जातात आणि त्या परत कुठूनच येत नाहीत. हा सल्ला जितक्या सहज दिला जातो तितकंच नुकसान करतो.

रेंजबद्दल एवढंच: मोबाईलची रेंज नसली तरी फोनचं जीपीएस चालतं. ते उपग्रहावर चालतं, टॉवरवर नाही. फक्त रेंज नसताना पहिल्यांदा जागा पकडायला वेळ लागतो. फोन केबिनच्या बाहेर, उघड्या आकाशाखाली काही मिनिटं धरा. ‘रेंज नव्हती म्हणून लोकेशन नाही’ हे कारण मी आता ऐकून घेत नाही. शिवाय बोटीवर बसवलेला ट्रान्सपाँडर ही वेगळी वस्तू आहे. तो संकटात निरोप द्यायला आणि बोट कुठे आहे हे कळवायला असतो; मासळीची नोंद तो भरत नाही. पण बोट कुठे होती हे त्याच्यामुळे दुसरीकडेही उमटलेलं असतं, हे पुढच्या मुद्द्यासाठी लक्षात ठेवा.

नोंद गेली आणि नंतर नाकारली गेली असेल, तर पुढे वाचा.

बोट आहे मुरगावसमोर, नोंदीत भलतीकडेच

सगळ्यात जास्त वेळ खाणारी आणि सगळ्यात कमी ओळखली जाणारी चूक ही. ॲप ती पकडत नाही, हिरवी खूण देतं. म्हणूनच ती महिनोन्‌महिने चालू राहते.

तांडेलाच्या वहीतली एक ओळ घ्या: १५°२४.६००′ उत्तर, ७३°३६.३००′ पूर्व. मुरगावच्या समोर, किनाऱ्यापासून साधारण दहा सागरी मैलांवरचा दर्या. बोटीवरचं मशीन जागा अंश आणि मिनिटांत दाखवतं. बहुतेक ॲपना मात्र नुसते दशांश अंश हवे असतात. एका अंशात ६० मिनिटं, म्हणून २४.६०० भागिले ६०, बरोबर ०.४१००, अक्षांश १५.४१००. तसंच ३६.३०० भागिले ६०, बरोबर ०.६०५०, रेखांश ७३.६०५०.

घाईत काय होतं? अंशाच्या खुणेच्या जागी टिंब पडतं आणि मधलं टिंब गळतं: १५.२४६००, ७३.३६३००. दिसायला निर्दोष. पण या आकड्यांनी बोट जवळजवळ दहा सागरी मैल दक्षिणेला आणि चौदा मैल पश्चिमेला गेली. आता ती किनाऱ्यापासून तीस मैलांच्या पलीकडे आहे. म्हणजे १२ सागरी मैलांच्या आत, राज्याच्या हद्दीत केलेली मासेमारी कागदावर विशेष आर्थिक क्षेत्रातली झाली. मग विचारणा होते: ॲक्सेस पास कुठे आहे? आणि ट्रान्सपाँडरचा माग वेगळीच जागा दाखवतोय, ते कसं?

ओळखायची खूण सोपी आहे. मिनिटं कधीच ६० च्या वर जात नाहीत. एका बोटीच्या महिन्याभराच्या जागा एकाखाली एक लावा. टिंबानंतरचा भाग एकदाही .६० च्या वर गेलेला नसेल तर सगळ्या नोंदी मिनिटांत भरल्यात, अंशांत नाहीत. आपल्याकडे तर हे लगेच कळतं: गोव्यासमोरच्या जवळच्या दर्यात रेखांश साधारण ७३.५० ते ७३.९० च्या दरम्यान असायला हवेत. तिथे सारखे ७३.३१, ७३.३३, ७३.४१ दिसत असतील आणि बोट तर रोज संध्याकाळी घरी येतेय, तर प्रश्न मिटला. या चुकीत बोट नेहमी दक्षिणेला आणि पश्चिमेलाच सरकते, उलटी कधीच नाही. नकाशावर टिंबं टाकून बघा. सगळा ताफा एकाच दिशेला वाहून गेल्यासारखा दिसतो.

अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली असेल तर मात्र ॲप स्वतःच ओरडतं. ७३ उत्तर म्हणजे नॉर्वेच्याही वर. तिथे बांगडा नाही.

उपाय करताना एक पथ्य पाळा: तांडेलाच्या मशीनची सेटिंग बदलू नका. मला हे अनेकांनी सुचवलंय आणि मी दरवेळी नाही म्हणते. त्याच्या मशीनमध्ये वर्षानुवर्षांच्या जागा आहेत: कुठे खडक, कुठे जुनं जाळं अडकलेलं, कुठे गाळ. वायरलेसवर तो दुसऱ्या बोटीला जागा सांगतो ती मिनिटांतच. आपल्या सोयीसाठी त्याचे आकडे बदलले तर उद्या जाळं फाटेल आणि वही आपल्या तोंडावर येईल. बदलायचं ते ॲपमध्ये. जागा कोणत्या पद्धतीने लिहायची याची निवड असते, अंश-मिनिटं निवडा. निवड नसेल तर एक्सेलमध्ये दोन रकाने करा, एकात अंश, एकात मिनिटं, आणि भागाकार एक्सेललाच करू द्या. डोक्यात करू नका, पहाटे चारला तर नकोच.

जाळं ओढलं बारा तारखेला, नोंदीत अकरा

वेळेच्या चुका दोन जातीच्या, आणि दोन्हींची लक्षणं इतकी स्वच्छ आहेत की पुराव्याची गरज पडत नाही.

पहिली: फक्त पहाटे साडेपाचच्या आधी ओढलेल्या जाळ्यांच्या नोंदी परत येतात, दुपारच्या जातात. जीपीएसचं घड्याळ जागतिक वेळेवर चालतं, आपण तिच्या साडेपाच तास पुढे. १२ तारखेला पहाटे ४:४५ ला ओढलेलं जाळं त्या घड्याळात ११ तारखेच्या रात्री ११:१५ ला ओढलेलं असतं. बोट १२ ला पहाटे तीनला सुटली असेल तर नोंदीप्रमाणे तिने सुटायच्या आधीच मासे पकडले. संगणक हे मान्य करत नाही, आणि करू नये. मशीनवर स्थानिक वेळ लावून घ्या. ही सेटिंग बदलायला तांडेलाची हरकत नसते, उलट त्यालाही बरंच पडतं.

दुसरी: १ ते १२ तारखेच्या नोंदी जातात, १३ पासून अडकतात. एक्सेल अमेरिकन पद्धतीवर आहे, महिना आधी आणि दिवस नंतर. तेरावा महिना नसतो म्हणून १३ तारखेला ते अडतं. पण खरा धोका अडकणाऱ्या नोंदींत नाही, गेलेल्यांत आहे. हंगाम सुरू होतो १ ऑगस्टला. ६ ऑगस्ट म्हणून भरलेलं ०६/०८ अमेरिकन पद्धतीने ८ जून होतं, आणि ७ ऑगस्ट ८ जुलै. दोन्ही तारखा १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत पडतात. बोट बंदीत मासेमारी करताना दिसली, हे स्पष्टीकरण देत बसायचं नसेल तर महिना अक्षरात लिहायची सवय लावा.

फोनची बॅटरी दर्यात पूर्ण संपून पुन्हा चालू केल्यावर काही फोन भलतीच तारीख धरतात, रेंज मिळेपर्यंत. एकाच फेरीच्या नोंदी विचित्र वर्षात दिसल्या तर कारण हेच.

बोटीचा नंबर

यात फार खोल काही नाही, पण माणसं इथेच हट्टाला पेटतात. आयएनडी, मग जीए, मग पुढचे आकडे-अक्षरं: हा नंबर रिअलक्राफ्टवर जसा आहे तसाच, रेघांसकट, सगळीकडे हवा. शून्याच्या जागी इंग्रजी ओ, एकाच्या जागी आय, शेवटी राहिलेली एक मोकळी जागा; डोळ्याला काही दिसत नाही. टाईप करू नका, पोर्टलवरून कॉपी करून एकदा साठवा आणि तेच वापरा.

बोटीच्या नावावर तर अजिबात विसंबू नका. एकाच संताच्या किंवा एकाच देवीच्या नावाच्या बोटी प्रत्येक धक्क्यावर सापडतील. यादीतून नावाने निवडताना पहिली दिसली ती उचलली जाते आणि मालिमच्या बोटीची मासळी कुटबणच्या बोटीवर चढते. ज्याच्यावर चढली त्यालाही कळत नाही, कंपनीचा फोन येईपर्यंत.

बोट विकत घेतलेली असेल, इंजिन बदललं असेल, वडिलांच्या नावावरून मुलाच्या नावावर झाली असेल, तर नोंदणी एकाच्या नावाने आणि परवाना दुसऱ्याच्या, असं होऊ शकतं. जाळ्याचा प्रकारही परवान्याशी जुळायला हवा: परवाना ट्रॉलचा आणि नोंदीत पर्सिन, हे चालत नाही. हे सगळं जून-जुलैमध्ये निस्तरायचं काम आहे. बोटी वर ओढलेल्या असतात, मालक सापडतात. ऑगस्ट उजाडल्यावर कोणाला वेळ नसतो.

माल एकीने पकडला, आणला दुसरीने

पर्सिनवाल्यांनी हा भाग नीट वाचावा.

तारले किंवा बांगड्याचा मोठा थवा जाळ्यात आला की एका बोटीत मावत नाही. जोडीची बोट बोलावली जाते, अर्धा माल तिच्यात टाकला जातो आणि ती आधी धक्क्याला येते, कारण पहिली येणारी भाव घेते. नोंद भरणारा समोर दिसेल त्या बोटीचं नाव लिहितो. झालं. जिने जाळंच टाकलं नाही तिच्या नावावर मोठी मासळी, आणि जिने टाकलं तिच्या नावावर अर्धीच. आणणारी बोट ट्रॉलर असेल तर आणखी घोळ: ट्रॉलच्या परवान्यावर ढीगभर तारले कुठून आले?

यात लपवण्यासारखं काही नसतं. युरोपच्या सर्टिफिकेटात दर्यात एका बोटीतून दुसऱ्या बोटीत माल दिल्याची नोंद करायला वेगळा भागच आहे: कोणी दिला, कोणाला, कुठे, केव्हा, अंदाजे किती. अडचण होते ती न सांगितल्यामुळे.

मी तांडेलाला विचारते तेव्हा बोलणं साधारण असं होतं.

“तांडेलमामा, हा माल कोणाचा?”

“आपलाच गो बाय.”

“आपला म्हणजे कोणत्या बोटीने ओढला?”

“मोठीने ओढला, आम्ही फक्त घेऊन आलो. ती मागून येते.”

हा दुसरा प्रश्न विचारायचा राहिला की पुढचं सगळं चुकतं. मालकाच्या दोन्ही बोटी ‘आपल्याच’ असतात; संगणकाला त्या दोन असतात. पकडल्याची नोंद जाळं ओढणाऱ्या बोटीच्या नावावर करा आणि उतरवल्याची आणणाऱ्या बोटीच्या, दोन्हींवर त्या ओढीचा एकच क्रमांक घाला. ॲपमध्ये अशी सोय नसेल तर शेऱ्यात लिहा आणि दोन्ही तांडेलांच्या सहीची चिठ्ठी ठेवा. चिठ्ठी माल देतानाच व्हायला हवी. धक्क्यावर मागाहून सह्या घेतल्या की वजनाचा आकडा बोलीप्रमाणे बदलतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

वजन: बेरीज कधीच का जुळत नाही

समजा फेरीला एकूण २,४०० किलो माल उतरला. तीन जणांनी घेतला. महिन्याभराने त्यांचे कागद एकत्र केले तर १,०००, ८०० आणि ९०० किलो, म्हणजे २,७०० भरतात. तीनशे किलो मासे कुठून आले? प्रत्येकाने आपापल्या काट्यावर बर्फासकट वजन केलं, हे एक उत्तर. दुसरं उत्तर जास्त वेळा खरं निघतं: दुसऱ्याच बोटीचा थोडा माल त्या गाडीत चढला आणि या फेरीच्या क्रमांकावर खपला. तपासणी करणारे नेमकं हेच शोधत असतात. सर्टिफिकेटांवरचं वजन उतरलेल्या वजनापेक्षा जास्त झालं की पुढचे सगळे लॉट संशयात येतात, खरे असले तरी.

म्हणून लॉटचा क्रमांक विकणाऱ्याने द्यायचा, घेणाऱ्याने नाही. फेरीचा क्रमांक आणि पुढे क, ख, ग. प्रत्येक गाडीला एक अक्षर, त्या अक्षरापुढे किलो, क्रेटची संख्या वेगळी. कंपनीचा माणूस म्हणेल आमच्या सिस्टीममध्ये आम्ही आमचा नंबर घालतो. घालू दे, पण आपलं अक्षर त्याच्या पावतीवर हवं. यावर मी वाद घालते आणि बहुतेक वेळा तो ऐकतो, कारण उद्या अडकणार तोही असतो.

उलटी बाजूही बघा. निर्यातीला गेलेला, मडगावच्या घाऊक बाजारात गेलेला, फिशमीलला (मासळीची भुकटी करणाऱ्या कारखान्याला) गेलेला बारीक माल आणि खलाशांनी हुमणाला (घरच्या कालवणाला) नेलेली मासळी मिळून उतरलेलं वजन व्हायला हवं. शेवटच्या दोन गोष्टी कोणी लिहीत नाही. हुमणाची चार-पाच किलो मासळी राहिली तर आभाळ कोसळत नाही, पण फिशमीलचा माल काही वेळा बराच असतो, आणि तो न लिहिता फक्त निर्यातीचा माल लिहिला तर जाळ्यात फक्त महागडे मासे येतात असं चित्र तयार होतं. कोणीही अनुभवी अधिकारी त्यावर हसेल.

कारखान्यात साफ केलेल्या मालाचं वजन आणि पकडलेल्या अख्ख्या माशाचं वजन या दोन वेगळ्या गोष्टी. अख्खा गोठवलेला बांगडा असेल तर फरक जवळजवळ नाही. पण माशाचं ४० टक्केच मांस हाती लागत असेल, तर ६०० किलो मांसामागे १,५०० किलो अख्खे मासे दाखवावे लागतात. हा गुणाकार कारखान्याने करायचा. आपण फक्त अख्ख्या माशाचं वजन द्यायचं, बर्फ निथळल्यावरचं.

माशाचं नाव आणि बाकीचे रकाने

यादीत ‘मॅकेरल’ शोधलं तर भलत्यासलत्या दहा जाती येतात. शास्त्रीय नाव किंवा तीन अक्षरी जागतिक कोड वापरा. बांगडा म्हणजे रास्ट्रेलिजर कानागुर्टा, कोड आरएजी. तारले आयओएस. बाळे एलएचटी. इसवणीत (सुरमईत) मात्र दोन जाती आहेत: अंगावर उभे पट्टे असलेली सीओएम, ठिपक्यांची जीयूटी. क्रेटमध्ये दोन्ही असतील तर दोन नोंदी. माणकी (स्क्विड) आणि समुद्रफेसवाला मोठा प्रकार (कटलफिश) एकाच नावाखाली टाकणं ही तर धक्क्यावरची जुनी खोड आहे. दर वेगळा, जात वेगळी, नोंदही वेगळी करा. आपल्या यादीचा एक कागद छापून प्लास्टिकमध्ये घालून काट्याजवळ टांगा, सगळ्यांनाच त्याचा उपयोग होतो.

मासेमारीचं जागतिक क्षेत्र ५१, म्हणजे पश्चिम हिंदी महासागर, अरबी समुद्र त्यात येतो. यादीत ५७ दिसेल, तो पूर्व हिंदी महासागर, बंगालचा उपसागर त्यात येतो. गोव्याची बोट तिथे जात नाही.

कोळंबीच्या नोंदीत ‘दर्यातली’ की ‘संवर्धनाची’ ही खूण न बघता पुढे जाऊ नका. ट्रॉलच्या जाळ्यात कासव सुटायची सोय नसल्यामुळे २०१९ पासून अमेरिका भारतातली दर्यातली कोळंबी घेत नाही. या एका खुणेवर अख्खा कंटेनर परत फिरू शकतो.

गेलेली नोंद दुरुस्त करताना

चुकलेली नोंद तशीच ठेवून दुसरी बरोबर नोंद भरायची नाही. मग त्या फेरीच्या दोन नोंदी होतात, वजन दुप्पट होतं आणि आपण वर वजनाच्या भागात सांगितलेल्या घोळात जाऊन बसतो. ॲपमध्ये ‘सुधारणा’ असेल तर ती वापरा. कुलूप लागलेलं असेल तर लेखी कळवा, आणि फोनवर सांगून भागलं असं समजू नका. पत्र मोठं नको. मी साधारण असं लिहिते:

“बोट क्रमांक (पोर्टलवर आहे तसा), फेरी क्रमांक, उतरवल्याची तारीख. नोंदीतली जागा १५.२४६००, ७३.३६३०० अशी गेली आहे. तांडेलाच्या वहीतली मूळ जागा १५°२४.६००′, ७३°३६.३००′ आहे, म्हणजे दशांशात १५.४१००, ७३.६०५०. मिनिटं अंश म्हणून भरली गेली. वजन, जात, तारीख यांत बदल नाही. वहीच्या पानाचा फोटो जोडला आहे. याच पद्धतीने चुकलेल्या इतर फेऱ्यांची यादी खाली देत आहे.”

शेवटचं वाक्य गाळू नका. एकच फेरी दुरुस्त करून मागितली तर ती सोयीने बदलल्यासारखी दिसते आणि प्रश्न वाढतात. त्या चुकीच्या सगळ्या फेऱ्या एकदम दिल्या की समोरच्याला चूक कशी झाली ते दिसतं, आणि एका पत्रात काम होतं. वहीच्या पानाचा फोटो मात्र बोट लागल्या दिवशीच काढून ठेवलेला हवा. पत्र लिहायला बसल्यावर शोधलेली वही बहुतेक वेळा तांडेलाबरोबर दर्यात असते.